देह आमच्या बायांचे, खुर्ची कुणाची?

रत्नागिरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२३ साली. जिल्हा शासकीय रुग्णालयाला जोडलेले, १०० जागांचे. त्या दिवसांत आपल्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज फिरले आणि पाठोपाठ हिशेब सुरू झाला. राज्याच्या वाट्याच्या ८५ जागा, त्यात अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७ टक्के. म्हणजे आपली अकरा पोरं आणि आदिवासींची सहा. कट-ऑफ किती लागेल, जात पडताळणी वेळेत होईल का, वसतिगृह नाही मिळाले तर स्वाधारचे पैसे कधी येतील?

हा हिशेब चुकीचा नाही, पण तो दारातच संपतो. आत गेल्यावर काय, हे कुणी विचारत नाही. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात नीटची तयारी करणारी एक मुलगी येते. तिची पणजी गावात सुईणपण करायची. तिने एकदा विचारले, "दादा, मी स्त्रीरोगात एम.डी. केलं तर मला सिझर करू देतील ना?" वर्गातली एक-दोन मुले हसली. करू देतील ना म्हणजे काय, डॉक्टर झाल्यावर करायचेच असते की! पण ती हसत नव्हती. तिने डॉ. पायल तडवीबद्दल वाचले होते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या रविवारी देता आले नाही. हा लेख त्या उत्तरासाठी आहे.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. वैद्यकीय महाविद्यालय इमारतीवर चालत नाही, रुग्णांवर चालते. खाटा किती, ओपीडीत माणसे किती, महिन्याला बाळंतपणे किती, सिझर किती, हे दाखवल्याशिवाय मान्यता मिळत नाही. डॉक्टरांच्या भाषेत याला 'क्लिनिकल मटेरियल' म्हणतात. हे मटेरियल कोण? ज्यांच्याकडे खासगी नर्सिंग होमचे पैसे आहेत त्या बायका सरकारी लेबर रूममध्ये येत नाहीत. येतात त्या बौद्धवाडीतल्या, कुणबीवाडीतल्या, कातकरी वस्तीतल्या, मोहल्ल्यातल्या, आणि बंदरावर मासळी निवडणाऱ्या. मंडणगडहून रत्नागिरी शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे. रात्री कळा सुरू झालेली बाई आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथून 'पुढे न्या' म्हणून चिठ्ठी घेऊन निघते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत तो आकडा ४८ होता, म्हणजे घटण्याऐवजी वाढला. अशी अंगात रक्त नसलेली बाई टेबलावर येते. तिच्याभोवती पाच-सहा विद्यार्थी उभे राहतात. तिच्यावर ते तपासणी शिकतात, टाका घालायला शिकतात, अडलेले मूल कसे सोडवायचे ते शिकतात. तिच्या केसवरून प्रबंध लिहिला जातो, शोधनिबंध छापला जातो, कुणीतरी सहयोगी प्राध्यापकाचा प्राध्यापक होतो.

शिकणे गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. डॉक्टरने शिकायचे कुठेतरी लागतेच. पण प्रसूतिशास्त्रातले मोठे करिअर गरीब बाईच्या देहावर उभे राहते, हे एकदा स्वच्छ मान्य करू. अमेरिकेत जेम्स मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरला आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून पुतळा मिळाला. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामात त्याने ज्यांच्यावर शस्त्रक्रिया शिकून घेतली त्या गुलाम काळ्या स्त्रिया होत्या. ॲनार्का, लूसी, बेट्सी एवढी तीन नावे उरली आहेत. ॲनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली, भूल न देता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा हलायला २०१८ साल उजाडावे लागले, आणि तो हलला काळ्या लोकांनी आवाज उठवल्यामुळे. आपल्याकडच्या सरकारी लेबर रूमची तुलना आम्ही त्या गुलामीशी करत नाही. तिथला आणि इथला प्रश्न मात्र एकच आहे: देह कुणाचा वापरला गेला आणि नाव कुणाचे झाले?

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. अनेक गावांत सुईणपण मांग, महार, न्हावी समाजातल्या बायांकडे असे. सगळीकडे नव्हे, घरातल्या जाणत्या म्हाताऱ्याही हे काम करत. पण नाळ कापणे, वार पुरणे, रक्ताचे कपडे धुणे हे विटाळाचे काम, आणि विटाळाचे काम कुणाकडे जाते ते आपल्याला शिकवायला नको. जिच्या हाताने मूल जगात आले तिला बाराव्या दिवशी ओसरीच्या खाली बसवून सुपात तांदूळ द्यायचे, ही रीत. हेच काम पांढऱ्या भिंतीच्या आत गेले, त्याला पदवी चिकटली, पगार चिकटला, तेव्हा विटाळ गेला आणि प्रतिष्ठा आली. प्रतिष्ठा आल्याबरोबर त्या बाया बाहेर आणि त्यांच्या नाती आत येण्यासाठी रांगेत.

इथे एक इशारा आपल्याच मित्रांना. सुईणीचे गोडवे गाऊन परत मागे जायचा आमचा विचार नाही. अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्यामुळे बाळे धनुर्वाताने गेली, आया बाळंतरोगाने गेल्या. बाबासाहेबांनी आपल्याला गावगाड्यातले कसब जपायला सांगितले नाही, विद्यापीठात जायला सांगितले. आम्हाला लेबर रूम हवी, ओटी हवी, रक्तपेढी हवी, आणि त्या खोल्यांत हुकूम देणारी खुर्चीही हवी.

खुर्ची कशी मिळते ते पाहू, कारण आपल्या मुलांना हा रस्ता सांगणारे घरात कुणी नसते. बारावीनंतर इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे एमबीबीएस. मग नीट पीजी आणि तीन वर्षे निवासी डॉक्टर. एक वर्ष सीनियर रेसिडेन्सी. मग सहायक प्राध्यापक, साधारण चार वर्षांनी सहयोगी, आणखी तीन वर्षांनी प्राध्यापक. तेही शोधनिबंध छापून आले तर आणि पद रिकामे असेल तर. कुठेही न अडखळता साडेसोळा वर्षे. बॉण्डची सेवा वेगळी.

या साडेसोळा वर्षांत प्रवेशाच्या वेळी आरक्षण असते. पण मधल्या सगळ्या रोजच्या गोष्टी माणसाच्या मर्जीवर चालतात. कुठले युनिट मिळाले, गाईड कोण, सिझरला कुणाला उभे केले आणि कुणाला फाईली लिहायला बसवले, पहिला टाका कुणाच्या हातात दिला, पेपरवर नाव कितवे टाकले. यातल्या एकाही गोष्टीला बिंदुनामावली नाही.

वि. ना. शिरोडकर यांचे उदाहरण घ्या. गोव्यातल्या शिरोड्याचा हा माणूस १९३१ साली लंडनचा एफआरसीएस झाला, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक झाला. गर्भपिशवीचे तोंड वेळेआधी उघडून मूल पडते, ते पडू नये म्हणून घालायचा टाका आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या बुद्धीबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही. त्या टाक्याने किती घरांत पाळणा हलला असेल! पण अशी बुद्धी फुलायला काय काय लागते ते बघा. पुन्हा पुन्हा मूल पडणाऱ्या बायका ज्यात दाखल होतात असा वॉर्ड लागतो, स्वतःच्या कल्पनेने काही करून बघण्याची मोकळीक लागते, हाताखाली माणसे लागतात, परदेशी परिषदेत उभे राहून सांगण्याची संधी लागते. हे सगळे ज्याला मिळते त्याची 'गुणवत्ता' दिसते. ज्याला ओटीच्या दाराबाहेर उभे केले त्याची दिसणार कशी?

आता पायल.

डॉ. पायल तडवी जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली, मुस्लिम आदिवासी. मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाली. २०१८ साली मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नायर रुग्णालयात, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अनुसूचित जमातीच्या जागेवर लागली. २२ मे २०१९ रोजी वसतिगृहाच्या खोलीत तिने आपले आयुष्य संपवले. वय २६. विभागातल्या तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला: आत्महत्येस प्रवृत्त करणे, ॲट्रॉसिटी कायदा, १९९९ चा महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा. तिघींना अटक झाली, पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शिक्षण पूर्ण करण्याची परवानगी दिली. दोष कुणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आम्ही इथे निकाल लावत नाही.

पण तिच्या घरच्यांनी केलेल्या आरोपातला एक भाग आपण नीट वाचलेला नाही, असे आम्हाला वाटते. जातीवरून टोमणे, व्हॉट्सॲप ग्रुपवर अपमान, रुग्णांसमोर ओरडणे, हे सगळे निषेधाच्या सभांत सांगितले गेले. त्यासोबत हाही आरोप होता की तिला बाळंतपणे करू दिली जात नव्हती, ऑपरेशनपासून लांब ठेवले जात होते, कारकुनी कामात अडकवले जात होते. ही वरकरणी किरकोळ वाटणारी तक्रार प्रसूतिशास्त्र शिकणाऱ्या डॉक्टरसाठी सगळ्यात जीवघेणी आहे. हा विषय पुस्तकातून येत नाही. बोटांनी येतो. पोटावर हात ठेवून मुलाचे डोके कुठे आहे ते ओळखणे, रक्तस्राव सुरू झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचे, सिझरचा छेद किती खोल घ्यायचा, हे शंभर वेळा केल्यावर हाताला कळते. तीन वर्षांत ज्याला केस मिळाल्या नाहीत तो पदवी घेऊनही रिकाम्या हाताने बाहेर पडतो. मग कुणीतरी म्हणायला मोकळे, बघा, कोट्यातून आलेल्यांना सिझर जमत नाही.

पूर्वी पाणवठ्यावर येऊ द्यायचे नाही अशी सोय होती. केसपर्यंत येऊ द्यायचे नाही, ही तिचीच आजची आवृत्ती होऊ शकते. ओरडण्याची गरज नाही, शिवीची गरज नाही. ड्यूटी लिस्ट लावताना एक नाव रोज खाली ढकलले की झाले. ॲट्रॉसिटीच्या कोणत्या कलमात हे बसवणार?

(जाता जाता. नायरचे हे महाविद्यालय १९२१ साली असहकाराच्या चळवळीत 'राष्ट्रीय' म्हणून जन्माला आले. परकीय सरकारच्या कॉलेजांना पर्याय म्हणून. परकीयांचा भेदभाव ओळखता आला, आपल्या माणसांचा ओळखायला शंभर वर्षे कमी पडली.)

गुणवत्तेचा मुद्दा काढणारे इथे हमखास येतात. प्रसूतीच्या टेबलावर बाई मरणाच्या दारात असताना जात बघायची का, असे ते विचारतात. आम्ही तेच विचारतो. एम.डी.ची परीक्षा सगळ्यांना एकच असते, पास व्हायचे गुण एकच असतात. प्रवेशाच्या रांगेतला फरक तीन वर्षांच्या प्रशिक्षणाने भरून निघतो, पण प्रशिक्षण दिले तर. ज्यांना टेबलावरच्या बाईची इतकी काळजी आहे त्यांनी प्रत्येक निवासी डॉक्टरला सारख्या केस मिळतात की नाही यासाठी आधी आंदोलन करावे. आम्ही सतरंज्या उचलायला येऊ.

न्यायालयांनीही वरच्या खुर्च्यांबाबत आपल्याला फार दिलेले नाही. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात काही पदांवर आरक्षण ठेवणे उचित नाही असे म्हणून जी उदाहरणे दिली, त्यांत प्राध्यापक आणि वैद्यकातली अतिविशेषज्ञ पदे होती. १९९८ साली घटनापीठाने सांगितले की संवर्गात एकच पद असेल तर ते राखीव ठेवता येत नाही. तो खटला चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेचाच होता. केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या शिक्षक-संवर्गातील आरक्षणासाठी २०१९ मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे खाली दार उघडायचे आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीला कुलूप. त्यात नव्या महाविद्यालयांत जागा भरायच्या त्या कंत्राटी, नाहीतर १२० दिवसांच्या नेमणुका. कंत्राटावरची माणसे ना संघटनेत येतात, ना विभागात तोंड उघडतात.

बाबासाहेब या प्रश्नावर आपल्या कितीतरी पुढे होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-रजेचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याची बाजू घेतली. खर्च मालकाने का करायचा, या आक्षेपाला त्यांचे उत्तर असे होते की मालक बाईला कामावर ठेवतो कारण त्यात त्याचा फायदा आहे. मग तिच्या बाळंतपणाचा भारही त्याने उचलावा. आणि सरकारनेही उचलावा, कारण आईची विश्रांती हे देशाचे हित आहे. १९२९ साली कायदा झाला. १९३८ च्या नोव्हेंबरात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी विधानसभेत मांडला. तो पडला. त्याच्या चार वर्षे आधी, १९३४ मध्ये, 'समाजस्वास्थ्य' काढणारे र. धों. कर्वे कोर्टात उभे होते तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. हे कर्वे घराणे दापोलीच्या मुरूडचे. त्याच दापोली तालुक्यातले वणंद हे रमाईचे माहेर. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न अशी चार मुले त्या माउलीने मातीत ठेवली. बाबासाहेबांचे १९२८ चे भाषण राजरत्न गेल्यानंतर दोन वर्षांनी झालेले आहे. आम्ही त्या भाषणाकडे निव्वळ कामगार कायद्याचे भाषण म्हणून पाहू शकत नाही.

त्यांचा तो तर्क आम्ही वैद्यकीय महाविद्यालयाला लावतो. फायदा घेणाऱ्याने भार उचलावा. रत्नागिरीच्या वाड्यावस्त्यांतल्या बायकांच्या बाळंतपणांवर ज्या विभागाला मान्यता मिळते, ज्याचे विद्यार्थी शिकतात, ज्याचे शिक्षक बढती घेतात, त्या विभागाने त्या बायकांच्या मुलींना शिक्षक म्हणून उभे करण्याचा भार उचलला पाहिजे. हे उपकार नाहीत, देणे आहे.

शिवाय खुर्चीवर कोण आहे यावर संशोधनाचा प्रश्नही ठरतो. रत्नागिरी जिल्ह्यात संशोधन होऊ शकत नाही असे कुणी म्हणू नये. सावर्डे-डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातल्या संशोधकांनी कोकणातल्या १६ ते १८ वर्षांच्या मुलींचा अभ्यास हाती घेतला, मुलगी आई होण्याच्या आधीच तिची प्रकृती कशी आहे हे पाहण्यासाठी. चांगले काम आहे, आपल्या मुलींनी ते शोधून वाचावे. पण बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात होत्या, तो प्रश्न २०१९ साली पत्रकारांनी आणि महिला संघटनांनी चव्हाट्यावर आणला. मग सरकारने समिती नेमली. राज्यात इतके स्त्रीरोग विभाग, इतके प्राध्यापक, दरवर्षी इतके प्रबंध. त्या खुर्च्यांवर ऊसतोड कामगाराची लेक बसलेली असती तर तिला प्रबंधाचा विषय शोधावा लागला असता का?

थोडे आपल्या माणसांबद्दलही बोलू. आपल्या कार्यक्रमांत आरोग्य म्हटले की रक्तदान शिबिर आणि डोळ्यांची तपासणी. बाळंतपण, पाळी, गर्भपिशवी हे विषय 'महिला आघाडीकडे' दिले जातात आणि आघाडीला शेवटची वीस मिनिटे. पायलसाठी आपण मोर्चे काढले. पण त्या मोर्च्यातल्या किती जणांना लॉगबुक म्हणजे काय हे ठाऊक होते? निवासी डॉक्टरने केलेल्या आणि पाहिलेल्या प्रत्येक केसची ती वही असते. आपल्या मुलींवर अन्याय होतो की नाही याचा लेखी पुरावा त्या वहीत असतो, भाषणात नसतो.

रत्नागिरीचे महाविद्यालय नवे आहे, सवयी अजून पडायच्या आहेत. जुन्या संस्थेत पन्नास वर्षांची मुळे उपटावी लागतात. इथे आत्ताच विचारले तर विचारल्याचा उपयोग होईल. म्हणून आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचे ठरवले आहे. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विभागात मंजूर पदे किती, नियमित भरलेली किती, कंत्राटी किती, त्यांची बिंदुनामावली काय. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारीसाठी समिती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली. तपासणीच्या वेळी विद्यार्थी हजर राहणार असतील तर बाईची संमती घेण्याची पद्धत काय, आणि ती तिला कळेल अशा भाषेत आहे का. पदव्युत्तर निवासी डॉक्टरांमध्ये बाळंतपणे आणि सिझर वाटून देण्याचा लेखी नियम आहे का, आणि तो महिन्याच्या महिन्याला फलकावर लागतो का. शेवटचा प्रश्न आम्ही राज्यातल्या जुन्या महाविद्यालयांनाही विचारणार आहोत, कारण पायलच्या आरोपांचे मूळ तिथेच आहे.

त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी सांगितले की करू देतील का हे आत्ता सांगता येत नाही, पण नाही करू दिले तर विचारायचे कसे हे आपण आत्तापासून शिकू. अर्ज तिनेच लिहून काढला, अक्षर तिचे सुवाच्य आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा राहिला आहे. खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण, राजापूर इथल्या साथींनी आपापल्या नावाने असेच अर्ज टाकावेत. मजकूर आमच्याकडे तयार आहे.